गुप्त शस्त्र आणि सामान्य वेष : दामोदर चापेकरांच्या आत्मवृत्ताच्या अनुषंगाने

भरताने अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले त्यांत आहार्य हा एक आहे. वेष, अलंकार, रंग यांनी पात्राची ओळख पटविणे हे त्याचे कार्य होय. रंगभूमीवर वेष बोलतो, तो लपवीत नाही. किंबहुना एखादे पात्र वेषांतर करून आले, तरी प्रेक्षकाला ते ओळखू यावे अशी तजवीज नाटककाराला करावीच लागते. मराठी वाङ्मयात सशस्त्र क्रांतिकारकाचे जे चित्रण झाले आहे, त्याने वेषाविषयीची ही रंगभूमीची कल्पना फारशी न तपासता स्वीकारली. त्यामुळे या साहित्यात शस्त्राचे वर्णन विपुल आहे, वेषांतराचे कौतुकही पुष्कळ आहे. परंतु अंगावरच्या रोजच्या कपड्यांत पिस्तूल घेऊन गर्दीत उभे राहणे या कृतीचे वर्णन अत्यंत विरळ आहे. ही कृती वेषांतराहून मुळातच निराळी आहे. वेषांतर करणारा दुसरा कोणी होतो. सामान्य वेषात शस्त्र बाळगणारा कोणीच होत नाही. तो आहे तोच राहतो आणि त्यातच त्याचे लपणे असते. या भेदाकडे मराठी समीक्षेचे लक्ष गेलेले नाही. ज्या एका मराठी ग्रंथात हा भेद स्पष्टपणे, पण लेखकाच्या फारसा ध्यानात न येता, नोंदला गेला आहे, तो ग्रंथ म्हणजे दामोदर हरी चापेकर यांचे आत्मवृत्त.

त्याकडे वळण्यापूर्वी बखर वाङ्मयाचा विचार करणे अवश्य आहे, कारण चापेकरांचे मन त्याच वाङ्मयावर आणि कीर्तनावर पोसलेले होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत 1659 च्या अफजलखान भेटीचा प्रसंग आहे. भेटीस निघालेल्या शिवाजी महाराजांच्या पोशाखाचे तपशील सभासद शस्त्रांच्या बरोबरीने देतो. कुडती, मंदील, चोळणा यांच्या ओळीतच बिचवा आणि वाघनखे येतात. येथे वेष आणि शस्त्र या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. शिवाय या वेषात लपलेले शस्त्र असले, तरी वेष धारण करणारा लपलेला नाही. तो आपल्या नावाने, आपल्या पदाच्या पोशाखात, ठरलेल्या ठिकाणी, तितक्याच सावध प्रतिपक्षासमोर उभा आहे. हा प्रसंग मराठी मनाने गुप्त शस्त्राचा आदर्श मानला. परंतु गर्दीत मिसळण्याचा अंशही त्यात नाही. 1897 च्या जून महिन्यात पुण्याच्या शिवाजी उत्सवात खानाच्या वधाच्या नैतिकतेची चर्चा झाली, तिचा वृत्तांत 15 जूनच्या ‘केसरी’त छापला गेला आणि त्या अंकातील मजकुरावरून पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, हे सर्वश्रुत आहे. त्या चर्चेत हेतूचा विचार झाला. वेषाचा विचार तेव्हाही कोणाला सुचला नाही.

दरम्यान एक मोठा फरक पडला होता. मराठेशाहीत तलवार हा सरदाराच्या आणि शिलेदाराच्या पोशाखाचाच भाग होता. ती कमरेला नसणे हेच लक्षात येण्यासारखे असे. 1878 च्या शस्त्रकायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील सामान्य माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी झाली, आणि जे वेषाच्या बाहेर दिसत होते ते वेषाच्या आत गेले. संस्थानी मुलखात जुनी दृष्टी अधिक काळ टिकली. कोल्हापूरच्या दसऱ्यात शस्त्रपूजन आणि सीमोल्लंघनाच्या वेळी तलवार ही दरबारी पोशाखाची शोभा म्हणून उघडपणे मिरविली जात राहिली. कोल्हापूरचा वाचक म्हणूनच शस्त्राकडे मानाची वस्तू म्हणून पाहण्यास सरावलेला आहे. चापेकरांच्या आत्मवृत्ताचे वाचन या सरावाला धक्का देणारे ठरते.

दामोदर चापेकर यांनी हे आत्मवृत्त 1897 मध्ये अटकेनंतर तुरुंगात लिहिले. 1958 साली मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाच्या साधनांचा दुसरा खंड प्रसिद्ध केला, त्यात त्याचे इंग्रजी भाषांतर आले. मूळ मराठी पाठ वि. गो. खोबरेकर यांच्या संपादनाने पुढे उपलब्ध झाला. कैदेत लिहिलेल्या मजकुराविषयी जी सावधगिरी बाळगावयास हवी ती येथेही बाळगली पाहिजे. हा लेखक पकडला गेलेला आहे, त्याचा वाचक सरकार आहे हे तो जाणतो, आणि आपल्या कृत्यांची नोंद राहावी अशी त्याची तीव्र इच्छा आहे. त्यामुळे आत्मगौरव भरपूर आहे. सुधारकांविषयीचा आणि परधर्मीयांविषयीचा द्वेष तर पानोपानी आहे. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातल्याची हकीकत आणि मतभेद असलेल्या माणसांना मारहाण केल्याची हकीकत तो एकाच उत्साहाने सांगतो. या दोहोंतला फरक त्याला जाणवत नाही, हे या ग्रंथाचे मोठे वैगुण्य आहे आणि ते झाकून ठेवण्यात अभ्यासकाचा काही लाभ नाही. तथापि जेथे हा लेखक मते सांगण्याचे सोडून केवळ काय घडले ते सांगतो, तेथे त्याचे गद्य एकदम बदलते. वाक्ये आखूड होतात, वस्तूंची नावे येतात, अंतरे मोजली जातात. 22 जून 1897 च्या रात्रीचे प्रकरण या दृष्टीने मराठी गद्यातील एक महत्त्वाचे प्रकरण मानावे लागेल.

त्या रात्रीची परिस्थिती थोडक्यात अशी. व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाल्याबद्दल गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या निवासस्थानी समारंभ होता. (हीच वास्तू पुढे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाली; आज तेथे वावरणाऱ्या विद्यार्थ्याला या प्रकरणाचा भूगोल पायाखालचा आहे.) टेकड्यांवर होळ्या पेटविलेल्या होत्या आणि रोषणाई पाहण्यास मोठा जमाव लोटला होता. प्लेग समितीचे अध्यक्ष रँड समारंभास यावयाचे होते. दामोदर आणि बाळकृष्ण हे बंधू निघाले तेव्हा प्रत्येकाजवळ एक तलवार व एक पिस्तूल होते. बाळकृष्णाजवळ शिवाय एक कुऱ्हाड होती. गणेशखिंडीत पोहोचल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, तलवारी आणि कुऱ्हाड अंगावर वागवून संशय न येऊ देता या गर्दीत हिंडणे शक्य नाही. तेव्हा ती हत्यारे त्यांनी पिवळ्या बंगल्याजवळच्या एका दगडी मोरीखाली ठेवून दिली, नंतर परत घ्यावीत अशा हिशेबाने, आणि केवळ पिस्तुले घेऊन ते पुढे गेले.

या मोरीखालच्या तलवारींचा तपशील चरित्रपर लेखनात ओझरता येतो किंवा गळतो. कथेच्या ओघात तो अडथळ्यासारखा वाटत असावा. वस्तुतः सर्व प्रकरणाची किल्ली त्यात आहे. तलवार ही या बंधूंच्या मनातील आदर्शाची वस्तू होती. बखरीतून, कीर्तनातून, शिवाजी उत्सवातून ती त्यांच्या हाती आली होती. पिस्तूल ही केवळ उपयोगाची वस्तू. घरून निघताना दोन्ही बरोबर घेणे याचा अर्थ असा की, निघतेवेळी त्यांना आपण एका वीरप्रसंगास निघालो आहोत असे वाटत होते. गर्दीत पोहोचल्यावर ती कल्पना टिकली नाही. धोतर, अंगरखा आणि उपरणे यांनी तीन हात लांबीचे पाते झाकत नाही, ही अगदी घरगुती अडचण निर्णायक ठरली. इतिहासातला एक पालट येथे शिंप्याच्या मापाने मोजला गेला आहे. पोशाखाने शस्त्र निवडले. दामोदर यावर कसलेही भाष्य करीत नाही, खेद व्यक्त करीत नाही; ही वस्तू येथे ठेवली आणि पुढे गेलो, एवढेच तो सांगतो. त्याच्या उरलेल्या लेखनातील आवेशाच्या पार्श्वभूमीवर हा कोरडेपणा विशेष विश्वासार्ह वाटतो.

त्यानंतर दामोदर गव्हर्नरच्या बंगल्याच्या फाटकाशी थांबला. कीर्तनकाराचा हा मुलगा रोषणाई पाहावयास आलेल्या शेकडो माणसांतला एक होता. त्याला वेष बदलण्याची गरज नव्हती; त्या फाटकाशी त्याच्यासारखाच पोशाख केलेली माणसे उभी होती आणि त्यांनी त्याला झाकले. प्लेगच्या दिवसांत रँड यांच्या समितीच्या अमलाखाली गोऱ्या सैनिकांनी घरे तपासली, माणसांची शरीरे तपासली, कपडे व सामान जाळले. लोकांच्या अंगावरील वस्त्रालाही सरकारी नजरेपासून आडोसा उरला नव्हता, ही त्या काळातील मुख्य तक्रार होती. महिनोन् महिने ज्यांच्या देहांची तपासणी चालली होती, त्याच लोकांची गर्दी त्या रात्री उत्सवाची गर्दी म्हणून फाटकापर्यंत येऊ दिली गेली. रोगासाठी तपासणी झाली, आनंदासाठी झाली नाही. आत्मवृत्तात हा विरोध शब्दांत मांडलेला नाही, परंतु प्लेगच्या तपासणीची प्रकरणे आणि फाटकाशी वाट पाहण्याचे प्रकरण लागोपाठ वाचणाऱ्यास तो चुकणार नाही.

गर्दीने झाकण्याची ही क्रिया दोन्ही बाजूंनी चालते, हे या प्रकरणाचे दुसरे आणि अधिक भयंकर अंग होय. समारंभास जाताना रँडच्या गाडीसारखी दिसणारी गाडी गेली तेव्हा बंधूंना खात्री वाटली नाही आणि त्यांनी ती जाऊ दिली. अंधारात बंद गाड्यांतून जाणारे, समारंभाच्या पोशाखातले गोरे अधिकारी त्यांना एकसारखेच दिसत होते. परतताना दामोदर रँडच्या गाडीमागे धावत गेला, पिवळ्या बंगल्याजवळ त्याने ‘गोंद्या’ ही ठरलेली खूण पुकारली, मागचा पडदा वर करून वीतभर अंतरावरून गोळी झाडली. दोघांनी मिळून रँडवर गोळ्या झाडावयाच्या असे ठरले होते. बाळकृष्ण मागे पडला. मागून येणाऱ्या गाडीतली माणसे आपसांत कुजबुजत आहेत असा संशय येऊन त्याने त्या गाडीतील एकावर गोळी झाडली. तो लेफ्टनंट आयर्स्ट होता. तो जागीच गेला. रँड 3 जुलैला रुग्णालयात वारला. आयर्स्टच्या मृत्यूचा प्रसंग आत्मवृत्तात जेवढा थोडक्यात उरकला आहे तेवढा थोडक्यात तो उरकता येण्यासारखा नाही. गर्दीतला एक होऊन राहिलेल्या माणसाने समोरच्या गर्दीतल्या एकाला मारले आहे. दोघांनाही त्या क्षणी नाव नाही. लेखकाने येथे घाई केली आहे, आणि ही घाई नंतरच्या चरित्रकारांनीही चालू ठेवली.

याच घराण्याच्या पुढच्या हकीकतीत वेषांतराचे उदाहरणही मिळते, आणि ते तुलनेस फार उपयुक्त आहे. दामोदरला 18 एप्रिल 1898 रोजी फाशी झाली. ज्या द्रविड बंधूंनी सरकारला माहिती दिली होती त्यांच्यावर फेब्रुवारी 1899 मध्ये धाकटा भाऊ वासुदेव आणि महादेव रानडे यांनी गोळ्या झाडल्या. त्या वेळी ते पंजाबी वेष करून गेले आणि पोलीस अधिकाऱ्याने बोलाविल्याचा निरोप हिंदीत देऊन त्यांनी त्या बंधूंना घराबाहेर काढले. गणेशखिंडीत वेषांतर लागले नाही, येथे लागले. याचे कारण उघड आहे. हा प्रसंग ओळखीच्या माणसाच्या दारातला होता. अनोळखी गर्दीत स्वतःचा पोशाख पुरतो. ओळखीच्या उंबऱ्यावर तोच पोशाख माणसाला उघडे पाडतो. मराठी कथाकादंबरीने वासुदेवाच्या बाजूचा प्रसंग, म्हणजे खोटी बोली, खोटे पागोटे, दाराशी उभा संशय, अनेक रूपांनी घेतला. दामोदरच्या फाटकाजवळचा प्रसंग तिला पेलला नाही. जेथे बाहेरून काहीच बदललेले नाही तेथे वर्णन कशाचे करावयाचे, असा प्रश्न लेखकांना पडला असावा.

पुढच्या काळात शस्त्रच लहान झाले. 1909 साली लंडनहून चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या खोट्या तळाखालून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईस आली. कोटाच्या खिशात मावणाऱ्या या वस्तूसाठी मोरी शोधावी लागली नाही. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चा प्रयोग होता. अनंत कान्हेरे प्रेक्षक म्हणून आत बसला होता. कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे हेही तेथेच होते. जॅक्सन आत येताच कान्हेऱ्याने गोळ्या झाडल्या. नाटकाच्या इतिहासकारांनी या प्रसंगाची नोंद घेतली आहे, पण त्याची नाट्यदृष्ट्या असलेली विलक्षणता पुरेशी पाहिलेली नाही. रंगमंचावर सर्व पात्रे आहार्य अभिनयाने ओळखू यावीत म्हणून नटून तयार होती, आणि प्रेक्षागारात एक तरुण कोणालाही ओळखू न येता प्रेक्षकाच्या वेषात, म्हणजे स्वतःच्याच वेषात, बसला होता. तिकीट हाच त्याचा परवाना. जॅक्सन संस्कृतचे व्यासंगी होते आणि मराठी नाटकाला आवडीने येत. ज्या आपलेपणाने त्यांना त्या जागी आणले, त्याच आपलेपणाच्या आडोशाने कान्हेरेही तेथे बसू शकला. या दुहेरी विश्वासघाताची बाजू गौरवपर लेखनात येत नाही. साम्राज्याच्या अधिकाऱ्याविषयी सहानुभूती दाखविल्याचा आरोप येईल या भीतीने असेल, पण ती यावयास हवी होती. कान्हेऱ्याच्या धैर्याला त्याने उणेपणा येत नाही. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांनाही फाशी झाली.

विद्यापीठीय वाचकास आणखी दोन प्रसंग विचारार्ह वाटतील. 22 जुलै 1931 रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हंगामी गव्हर्नर हॉटसन आले असता वासुदेव बळवंत गोगटे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या; हॉटसन बचावले. गोगटे त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. ग्रंथालयात विद्यार्थी असणे याहून निःशंक करणारी दुसरी गोष्ट नाही. दुसरा प्रसंग 6 फेब्रुवारी 1932 चा, कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभातला. बीना दास यांनी पदवीधराचा झगा घातला होता आणि कुलपती या नात्याने उपस्थित असलेले गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर त्यांनी झाडलेल्या गोळ्या चुकल्या. त्या दिवशी तो झगा त्यांचा हक्काचाच होता. त्यांना पदवी मिळावयाची होती. अंगावरचा वेष खरा आणि त्याच वेळी आडोसाही, ही अवस्था याहून नेमकी सांगणारा प्रसंग सापडणे कठीण.

चित्रपटाकडे वळताच कोल्हापूरचा संबंध अधिक जवळचा होतो. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून ऐतिहासिक आणि पौराणिक पोशाखाचे जे एक दृश्यशास्त्र या नगरीत घडले, त्याने मराठी प्रेक्षकाची दृष्टी दोन पिढ्या वळविली. त्या दृश्यशास्त्रात वेषांतराला मानाचे स्थान आहे. हेर फकीर होतो, मावळा वासुदेव होतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांजवळ जातो आणि प्रेक्षक समाधानाने हसतो. ही समाधानाची हमी असल्यामुळेच तो चित्रपट रंजक होतो. दृश्यकलेच्या दृष्टीने तो अगदी योग्य आहे. परंतु आधुनिक क्रांतिकारकाच्या चित्रणातही तीच हमी आणली गेली, तेव्हा चित्र खोटे पडले. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा 1979 चा ‘22 जून 1897’ हा चित्रपट या बाबतीत वेगळा उभा राहतो. त्याला कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो रास्तच होता. दिग्दर्शक व्यवसायाने वास्तुशिल्पी असल्याने असेल, पण वाडा, ओटा आणि रस्ता यांत माणसे जशी दिसली असती तशीच त्यांनी ठेवली. नायकांचा पोशाख इतरांहून उठून दिसू दिला नाही. प्रेक्षकाला या संयमाने काहीसे अवघडल्यासारखे होते. हे अवघडलेपण आत्मवृत्ताशी इमान राखणारे आहे.

येथवरचे प्रसंग परकीय सत्तेच्या काळातले आहेत, आणि त्यांच्या वर्णनातील उणिवा वाङ्मयीन उणिवा म्हणून सोडून देता येतील. 30 जानेवारी 1948 नंतर तसे करता येत नाही. नथुराम गोडसे याने त्या दिवशी दिल्लीत आधी बुरख्याचा विचार केला आणि बुरख्याच्या घोळातून पिस्तूल वेळेवर काढता येणार नाही म्हणून तो सोडून दिला, असे या कटाविषयीच्या पुढील वृत्तांतांत सांगितले आहे. अखेर तो खाकी बुशकोटात प्रार्थनेच्या जमावात उभा राहिला आणि त्याने हात जोडले. वेषांतर नाकारून सामान्य वेष निवडण्याची ही क्रिया गणेशखिंडीतल्या क्रियेच्या इतकी जवळ आहे की, केवळ वर्णनाच्या पातळीवर दोहोंत भेद करणे अवघड जाते. भेद आहे तो अन्यत्र. दामोदर ज्या फाटकाशी उभा होता ते फाटक त्याच्यासाठी बंद होते. फाटकाबाहेरची गर्दी हीच त्याची जागा होती. बिर्ला भवनातली प्रार्थना कोणालाही बंद नव्हती. 20 जानेवारीच्या स्फोटानंतरही प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घेऊ देण्यास गांधीजींनी नकार दिला होता. तेथे गर्दीत मिसळणे म्हणजे पहाऱ्याला चकविणे नव्हे. जेथे पहारा बुद्ध्या काढून टाकला आहे तेथे शिरणे होय. जोडलेले हात हा नेहमीच्या वेषाचाच अखेरचा भाग होता.

त्यानंतर कोल्हापुरात जे झाले ते वेषाच्या विचारात सहसा कोणी आणीत नाही. मारणारा सामान्य माणसासारखा दिसत होता, म्हणून त्याच्यासारखा सामान्य माणूस मारणाऱ्यासारखा दिसू लागला. जात, आडनाव, आळी यांवरून घरे निवडली गेली आणि जाळली गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्या आगीत सापडला. ‘मीठभाकर’ हा चित्रपट त्यांना पुन्हा उभा करावा लागला. ज्या वास्तूत वेषांतराची निरुपद्रवी कला वाढली ती वास्तू एका न ओळखलेल्या बुशकोटाच्या पायी जळाली, ही घटना केवळ योगायोग म्हणून सांगितली जाते. गर्दीत मिसळून केलेल्या हत्येची किंमत नंतर गर्दीलाच कशी द्यावी लागते, याचे ते या नगरीतले पहिले मोठे उदाहरण आहे, आणि त्याची कथा-कादंबरीतील नोंद मराठीत अद्याप तोकडीच आहे.

दुसरे उदाहरण 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळचे. गोविंद पानसरे पत्नी उमा यांच्यासह सकाळी फिरून घराकडे परतत असता मोटारसायकलवरून आलेल्यांनी दोघांवर गोळ्या झाडल्या. पानसरे 20 फेब्रुवारीस मुंबईत वारले. त्याआधी 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरावयास गेले असतानाच मारले गेले होते. न्यायालयातील प्रश्नांची चर्चा येथे कर्तव्य नाही. प्रश्न वर्णनाचा आहे. सकाळी दुचाकीवरून जाणारी दोन माणसे हे कोल्हापुरातले इतके नित्याचे दृश्य आहे की, त्याला पाहणारा असतच नाही. येथे तलवार नाही, झगा नाही, तिकीट नाही; सणासुदीची गर्दीही नाही. रिकामा रस्ता आणि त्यावरचा रोजचा दिनक्रम हाच आडोसा. पानसरे यांचे ‘शिवाजी कोण होता?’ हे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की, बखरीतल्या शिवाजीला दंतकथेच्या पोशाखातून बाहेर काढून रयतेच्या संदर्भात पाहणे हाच त्याचा उद्देश होता. अशा लेखकाच्या हत्येविषयी लिहिताना मराठी वृत्तपत्रांना ‘अज्ञात हल्लेखोर’ यापलीकडे शब्द सापडला नाही. तो शब्द पोलिसी नोंदीला पुरतो. 1942 च्या लढ्यात कोल्हापुरातील विल्सनच्या पुतळ्यावर डांबर टाकणाऱ्या भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हावीरे याही रोजच्या लुगड्यातच तेथवर गेल्या असतील. पण कृत्यानंतर त्या अज्ञात राहिल्या नाहीत, आणि त्यांनी ज्यावर हात टाकला तो दगडाधातूचा पुतळा होता.

चापेकरांचे आत्मवृत्त अभ्यासक्रमात आलेच, तर रँडच्या गाडीजवळचा प्रसंग शिकविला जाईल आणि मोरीखालच्या तलवारींचा परिच्छेद वगळला जाईल अशी शक्यता फार आहे. निवड करणाऱ्यांनी याच्या उलट करावे. त्या परिच्छेदाबरोबर नाशिक खटल्यातील आणि 1948 च्या दिल्लीतील खटल्यातील साक्षींमध्ये आरोपीच्या पेहरावाविषयी साक्षीदार काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे एकत्र तपासण्यासारखे आहे. साक्षीदाराला चेहरा अंधुक आठवतो, कोटाचा रंग निरनिराळा आठवतो, आणि त्या क्षणापूर्वी तो माणूस किती वेळ आपल्या शेजारी उभा होता हे तर बहुधा सांगताच येत नाही.